पोलंडच्या चुनखडी पठारावरचे पडके किल्ले: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पोलंडमध्ये शिकणारे, नोकरीला असलेले आणि युरोपच्या सहलीत दोन-तीन दिवस काढून हे किल्ले बघायला जाणारे मराठी वाचक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. गावांची नावं शक्यतो तिथल्या उच्चाराप्रमाणे दिली आहेत. तिकिटांचे दर आणि वेळा दर हंगामात बदलतात, म्हणून आकड्यांऐवजी त्या कशा बदलतात ते सांगितलं आहे.

1. हे किल्ले नेमके कुठे आहेत?

दक्षिण पोलंडमध्ये क्राकोव आणि चेंस्तोखोवा या दोन शहरांच्या मध्ये चुनखडीचं एक लांबट पठार पसरलं आहे. तिथले लोक त्याला नुसतं ‘युरा’ म्हणतात, कारण खडक ज्युरासिक काळातला, साधारण 15-16 कोटी वर्षांपूर्वीचा आहे. तेव्हा इथे उथळ, उबदार समुद्र होता. समुद्रातले स्पंज आणि सूक्ष्मजीव यांनी तळावर ठिकठिकाणी टणक ढिगारे रचले. पुढे भोवतालची थरांची मऊ चुनखडी झिजून गेली आणि हे ढिगारे पांढरे सुळके होऊन उभे राहिले. किल्ले त्याच सुळक्यांवर आहेत. पठाराची उंची फार नाही. सर्वांत उंच टेकडी सुमारे 515 मीटर, आणि ओग्रोजेनेत्सचा किल्ला तिच्यावरच आहे.

2. ‘गरुडांच्या घरट्यांची वाट’ पूर्ण चालावी लागते का?

नाही. क्राकोवपासून चेंस्तोखोवापर्यंत जाणारी ही लाल खुणांची पायवाट सुमारे 164 किमीची आहे आणि वीसहून अधिक किल्ले, गढ्या व टेहळणी बुरुजांचे अवशेष जोडते. पूर्ण चालायला सरावलेल्या माणसाला सात ते नऊ दिवस लागतात. सायकलसाठी वेगळी, थोडी लांब वाट आखलेली आहे. बहुतेक लोक तुकडा निवडतात आणि तेच शहाणपणाचं आहे, कारण मधले काही टप्पे शेतं आणि डांबरी रस्त्यांवरून जातात. कोणता तुकडा निवडायचा ते प्रश्न 4 आणि 5 मध्ये आहे.

3. एवढ्या जवळजवळ इतके किल्ले का बांधले?

सरहद्द. चौदाव्या शतकात शेजारचा सायलेशिया बोहेमियाच्या राजाच्या ताब्यात गेला. पोलंडचा राजा काझिमिएश (तिसरा, राज्यकाल 1333 ते 1370) याने 1335 मध्ये त्रेंचिनच्या तहात त्या प्रदेशावरचा हक्क सोडल्यावर राजधानी क्राकोव आणि परकी सीमा यांच्यात हे पठार तेवढं उरलं. राजाने आणि त्याच्या सरदारांनी मग जुन्या लाकडी गढ्यांच्या जागी किंवा नव्या सुळक्यांवर दगडी किल्ले उभे केले. मोठ्या किल्ल्यांच्या अधेमधे लहान टेहळणी बुरूज होते, उदाहरणार्थ वुतोव्येत्स आणि रिचूफ इथले. सगळेच किल्ले राजाचे नव्हते. लिपोव्येत्स क्राकोवच्या बिशपांचा होता आणि तिथे शिक्षा झालेल्या धर्मगुरूंना कैदेत ठेवत.

4. एकच दिवस आहे. कुठे जाऊ?

तुम्ही कुठे उतरला आहात त्यावर उत्तर अवलंबून आहे, ‘सर्वांत प्रसिद्ध कोणता’ यावर नाही.

क्राकोवमध्ये असाल तर ओयत्सूफ. प्रोंद्निक नदीच्या दरीत, पोलंडच्या सर्वांत लहान राष्ट्रीय उद्यानात (1956 मध्ये स्थापन, जेमतेम साडेएकवीस चौरस किमी) पडका राजकिल्ला आहे. दरीतून वर चालत गेलात की प्येस्कोवा स्कावा येतो. तो पडका नाही, शाबूत आहे, आणि त्याच्या खाली ‘हर्क्युलिसची गदा’ नावाचा सुटा सुळका उभा आहे. एकाच दिवसात पडका आणि नांदता असे दोन्ही किल्ले बघायला मिळतात, म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्यांना आम्ही हीच दरी सुचवतो.

कातोवित्सेहून ओग्रोजेनेत्स सोपा आणि सर्वांत भव्य. चेंस्तोखोवाहून ओल्श्टिन. यास्ना गुराचा मठ सकाळी आणि ओल्श्टिन दुपारी, असं आरामात होतं.

5. दोन-तीन दिवस आणि हाताशी गाडी असेल तर?

पहिल्या दिवशी ओग्रोजेनेत्स, आणि त्याच्याजवळच बिरूफ टेकडीवर लाकडी गढीची केलेली पुनर्रचना. ही गढी चुकवू नका. दगडी किल्ल्यांआधी काय होतं ते तिथेच कळतं. वेळ उरला तर जंगलात लपलेला स्मोलेन्य. दुसऱ्या दिवशी मिरूफ आणि बोबोलित्से, मग ओस्त्रेंझ्निकच्या जंगलातले मोजके अवशेष, आणि मुक्कामाआधी ओल्श्टिन. तिसरा दिवस दक्षिणेकडे: राब्श्टिन, ओयत्सूफ, प्येस्कोवा स्कावा.

दिवसाला तीनपेक्षा जास्त मोठे किल्ले धरू नका. चौथ्या किल्ल्यावर लोक फक्त फोटो काढून परततात. त्यापेक्षा एका किल्ल्यावर दोन तास घालवलेत तर कितीतरी जास्त पदरात पडतं (काय बघायचं ते प्रश्न 12 मध्ये).

मिरूफ ते बोबोलित्से ही चाल मात्र गाडीने करू नका. दोन्ही किल्ल्यांमध्ये जेमतेम दीड-दोन किमी खडकाळ कण्याची वाट आहे. अर्ध्या तासात एका किल्ल्यावरून दुसरा मोठा होत जाताना दिसतो. गाडी मिरूफला ठेवा आणि त्याच वाटेने परत या.

6. गाडी नसेल तर पोचता येतं का?

मोठ्या किल्ल्यांपर्यंत हो, मधल्या लहान अवशेषांपर्यंत अवघड. ओग्रोजेनेत्ससाठी झाव्येर्चे स्टेशनला उतरा. ते वॉर्सा-कातोवित्से मार्गावर असल्याने गाड्या भरपूर आहेत, आणि तिथून किल्ला बसने साधारण 10 किमी. क्राकोवहून कातोवित्सेला गाडी बदलावी लागू शकते. राब्श्टिनसाठी ओल्कुश स्टेशन, पुढे सुमारे 4 किमी चाल. रुद्नोच्या तेंचिन किल्ल्यासाठी क्शेशोवित्से, पुढे पाच-सहा किमी. ओल्श्टिनला चेंस्तोखोवाहून बस जाते. ओयत्सूफला क्राकोवहून लहान बस जातात.

फजिती होते ती परतीच्या प्रवासात. गावाकडच्या बस शाळा-कामाच्या वेळांवर आखलेल्या असतात. शनिवारी-रविवारी फेऱ्या निम्म्याहून कमी होतात, काही मार्गांवर मुळीच नसतात. वेळापत्रकात प्रत्येक वेळेपुढे एखादं अक्षर असतं आणि खाली त्याचा खुलासा: ही फेरी फक्त कामाच्या दिवशी, ही फक्त शाळेच्या दिवसांत. नुसती वेळ वाचून थांब्यावर उभं राहिलात तर बस येत नाही. उतरल्यावर सर्वांत आधी थांब्यावरच्या परतीच्या वेळापत्रकाचा, खालच्या खुलाशासकट, फोटो काढा. शेवटच्या बसऐवजी तिच्या आधीची बस धरायचं ठरवा.

7. ओल्श्टिनचं तिकीट काढताना काय जपायचं?

पोलंडमध्ये ओल्श्टिन दोन आहेत. ट्रेनच्या अ‍ॅपमध्ये सर्वांत वर येतं ते ईशान्येकडचं मोठं शहर, किल्ल्यापासून शेकडो किमी दूर. त्या शहरातही एक मध्ययुगीन किल्ला आहे, त्यामुळे नकाशात बघूनही चूक लक्षात येत नाही. तुम्हाला हवं आहे ते चेंस्तोखोवाजवळचं गाव. तिकीट चेंस्तोखोवापर्यंतच काढा आणि पुढे बस घ्या.

असाच घोळ ओग्रोजेनेत्सचा. त्या नावाचं छोटं शहर आणि किल्ला एका ठिकाणी नाहीत. किल्ला सुमारे 2 किमी दूर पोदझाम्चे नावाच्या गावात आहे. बसमधून ‘ओग्रोजेनेत्स’ दिसलं म्हणून उतरू नका. आणि पोदझाम्चे नावाची गावंही पोलंडमध्ये बरीच आहेत, तेव्हा नकाशात गावाचं नाव न टाकता किल्ल्याचं टाका.

8. कोणत्या महिन्यात जावं?

मे-जून आणि सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जूनमध्ये रात्री पावणेनऊपर्यंत उजेड असतो. ऑक्टोबरमध्ये बीच वृक्षांची पानं तांबूस होतात आणि पांढरा खडक त्यातून उठून दिसतो. जुलै-ऑगस्टमध्ये शाळांना सुट्टी असते, ओग्रोजेनेत्सला सकाळी दहानंतर रांग लागते आणि दुपारी वादळी पाऊस येऊ शकतो.

डिसेंबरमध्ये पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. काही अवशेष हिवाळ्यात बंद असतात, काहींच्या वेळा कमी होतात, आणि बर्फ जमला की लाकडी-लोखंडी जिने अचानक बंद करतात. तिकीट खिडकी किल्ला बंद होण्याच्या आधीच बंद होते, हे कोणत्याही महिन्यात लक्षात असू द्या. प्येस्कोवा स्कावासारख्या संग्रहालयांचा वार वेगळा तपासा. पोलंडमध्ये संग्रहालयं बहुतेक सोमवारी बंद असतात.

9. तिकीट, रोख पैसे, रविवार: काय सांभाळायचं?

ओग्रोजेनेत्स, ओल्श्टिन, बोबोलित्से, ओयत्सूफ, राब्श्टिन इथे तिकीट आहे. बिद्लिन, ओस्त्रेंझ्निक आणि टेहळणी बुरुजांचे अवशेष उघड्यावर आहेत. पोलंडचं चलन झ्वॉटी. युरो घेत नाहीत. कार्ड बहुतेक ठिकाणी चालतं, पण गावातल्या खासगी अंगणात गाडी लावायला आणि लहान खिडक्यांवर सुट्टे लागतात. दहा-वीसच्या नोटा जवळ ठेवा.

रविवारी पोलंडमध्ये बहुतेक दुकानं कायद्याने बंद असतात, वर्षातले मोजके रविवार सोडून. मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी लहान दुकानं आणि पेट्रोल पंप उघडे असतात. रविवारी चालायला निघणार असाल तर पाणी आणि खाणं शनिवारीच घ्या.

10. चढ किती? बूट कोणते?

चढ कमी. सह्याद्रीत फिरणाऱ्याला एकही किल्ला दमवणार नाही. गावातून किल्ल्यापर्यंत दहा-वीस मिनिटं. धोका निसरड्याचा आहे. बेसॉल्टचा पृष्ठभाग खरखरीत असतो आणि ओला झाला तरी बराच धरतो. चुनखडी मात्र हजारो पावलांनी गुळगुळीत होते आणि पावसानंतर साबणासारखी घसरते. लोक पडतात ते कड्यावर नाही, किल्ल्याच्या दारातल्या झिजलेल्या पायऱ्यांवर, आणि बहुतेक वेळा उतरताना. खाच असलेल्या रबरी तळव्याचे बूट घाला. सपाट तळाचे स्नीकर्स कोरड्या दिवशी चालतील, ओल्या दिवशी नाही. कठडा धरायला एक हात मोकळा ठेवा, म्हणजे मोबाइल खिशात.

11. आई-बाबांना किंवा बाबागाडीतल्या बाळाला नेता येईल का?

ओग्रोजेनेत्समध्ये आत पायऱ्या, अरुंद वाटा आणि लोखंडी मार्गिका आहेत. बाबागाडी दारापाशीच ठेवावी लागेल, बाळाला पाठीवर घ्यायची झोळी न्या. गुडघे दुखणाऱ्यांसाठी ओयत्सूफची दरी सर्वांत बरी. नदीकाठचा रस्ता सपाट आहे, सुळके खालूनच दिसतात, आणि किल्ल्यावर नाही चढलं तरी दिवस वाया जात नाही. ओल्श्टिनही गावाच्या चौकातून पूर्ण दिसतो. किल्ल्याचा डोंगर गवताळ आणि उघडा आहे, वाटेत सावली नाही, तेव्हा उन्हात टोपी लागेलच.

12. नुसत्या पडक्या भिंती. त्यात बघायचं काय?

आधी खडक कुठे संपतो आणि भिंत कुठे सुरू होते ते शोधा. हे वाटतं तेवढं सोपं नाही. बांधणाऱ्यांनी सुळक्यालाच भिंत मानलं, फटी भरून काढल्या आणि वर त्याच पांढऱ्या दगडाची चिणाई केली. आडव्या रांगा, दगडांमधला चुना आणि एका ओळीत येणारी चौकोनी भोकं दिसली की ती माणसाची भिंत. ती भोकं परांचीच्या लाकडांची. भिंत जशी वर चढली तशी लाकडंही वर सरकत गेली, म्हणून भोकांच्या ओळी एकावर एक येतात.

मग मजले शोधा. आतल्या बाजूला मोठ्या खाचा एका पातळीत असतील तर तिथे तुळया टेकत होत्या, म्हणजे तिथे जमीन होती. त्या पातळीच्या वर खिडकी आणि भिंतीत काळवंडलेला कोनाडा दिसला तर शेकोटी. भिंतीच्या बाहेर आलेले दोन दगडी कोन आणि त्यांच्यामध्ये पोकळी असेल तर बहुधा शौचकूप, आणि तो नेहमी कड्याच्या बाजूला.

खिडक्यांकडे बघून काळ कळतो. अरुंद, आत रुंदावत जाणाऱ्या फटी जुन्या. मोठ्या, चौकोनी, दगडी चौकट असलेल्या खिडक्या बहुतेक सोळाव्या शतकातल्या, जेव्हा मालकांना संरक्षणाइतकीच राहण्याची शान हवी होती. ओग्रोजेनेत्स यासाठी उत्तम उदाहरण आहे. क्राकोवच्या धनाढ्य बोनर घराण्यातल्या सेवेरिन बोनरने साधारण 1530 ते 1545 या काळात जुन्या गॉथिक किल्ल्याचा रेनेसाँ वाडा केला. एकाच भिंतीत खाली फट आणि वर मोठी खिडकी दिसते, ती याचमुळे.

शेवटी किल्ल्याचा आराखडा डोक्यात बसवा. सर्वांत उंच खडकावर बालेकिल्ला, त्याला बिलगून खालचं आवार, तिथे घोडे, कोठारं, स्वयंपाकघर. ओल्श्टिनचा सुमारे 35 मीटर उंच गोल बुरूज बघताना त्याचं दार जमिनीपासून किती वर होतं ते बघा. आत शिरायला लाकडी जिना किंवा पूल लागे, शत्रू आला की तो काढून टाकायचा. असल्या बुरुजाचा तळ कैदेसाठी वापरत. राजाविरुद्ध उठलेला पोझ्नानचा सरदार माच्को बोर्कोविच ओल्श्टिनच्याच कैदेत 1360 च्या सुमारास उपासमारीने मेला.

13. आपल्या गडांवर टाकी असतात. इथे पाणी कुठून येत होतं?

खूप मराठी वाचक हे विचारतात आणि प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण सगळी गोम खडकात आहे. सह्याद्रीचा बेसॉल्ट घट्ट असतो. त्यात टाकं खोदलं की पावसाचं पाणी वर्षभर टिकतं. चुनखडीत तसं होत नाही. पावसाच्या पाण्यात हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड मिसळून सौम्य आम्ल होतं, ते चुनखडी विरघळवतं, भेगा रुंदावतात आणि पाणी खाली निघून जातं. म्हणून या पठाराच्या माथ्यावर ओढे जवळजवळ नाहीत, खाली मात्र गुहा आणि झरे आहेत.

किल्लेदारांपुढे मग दोन पर्याय होते. छपरांवरचं पाणी चिकणमाती किंवा चुन्याने लिंपलेल्या हौदात साठवायचं, किंवा खडकातून पाण्याच्या पातळीपर्यंत विहीर खोदत जायचं. माथ्यापासून ही पातळी फार खोल असते, त्यामुळे विहीर हे वर्षानुवर्षांचं काम होतं. ओयत्सूफ, ओग्रोजेनेत्स आणि स्मोलेन्य इथल्या विहिरी बघताना हे मनात ठेवा. स्मोलेन्यची विहीर खालच्या आवारात आहे. वेढा पडून ते आवार गेलं की बालेकिल्ला तहानलेला, म्हणजे विहिरीची जागा हीच किल्ल्याची कमजोरी.

जाणाऱ्यासाठी याचा साधा अर्थ असा की वाटेवर ओढ्याचं पाणी मिळेल या भरवशावर राहू नका. उन्हाळ्यात अर्ध्या दिवसाला माणशी दीड-दोन लिटर न्या.

14. हे किल्ले पडले कसे? आणि अजून पडत आहेत का?

‘स्वीडिश लोकांनी पाडले’ हे उत्तर फलकांवर सारखं दिसतं आणि बऱ्याच अंशी खरं आहे. 1655 नंतरच्या स्वारीत ओग्रोजेनेत्स जळाला, 1656 मध्ये ओल्श्टिन उद्ध्वस्त झाला. 1702 मध्ये स्वीडिश फौजेने ओग्रोजेनेत्स पुन्हा जाळला. पण त्याआधीच तोफांपुढे उंच, पातळ भिंतींचा उपयोग उरला नव्हता आणि मालकांना सपाटीवरचे वाडे सोयीचे वाटू लागले होते. दुरुस्तीवर कोणी खर्च केला नाही. त्यानंतर गावकऱ्यांनी तयार दगड नेला. ओल्श्टिनचं अठराव्या शतकातलं चर्च किल्ल्याच्याच सामानातून उभं राहिलं आहे. मोडलेला किल्ला त्या काळी गावाची दगडखाण असे.

पडझड थांबलेली नाही. भिंतीचे दोन्ही दर्शनी थर घडवलेल्या दगडाचे असतात आणि मधला गाभा चुरा-चुन्याचा. छप्पर आणि माथ्यावरचे दगड गेले की पाऊस थेट गाभ्यात उतरतो. थंडीत ते पाणी गोठून सुमारे 9 टक्के फुगतं आणि थर आतून सुटतो. म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फ वितळताना दगड सर्वांत जास्त कोसळतात. त्या दिवसांत उंच भिंतीच्या पायथ्याशी बसून डबा खाऊ नका. भिंतीवर चढणारा माणूस माथ्यावरचे सुटे दगड हलवतो आणि पाण्याला नवीन वाट करून देतो. ‘मी एकटा चढलो तर काय बिघडतं’ याचं उत्तर हे आहे.

15. बोबोलित्से इतका नवा का दिसतो? तो खरा आहे का?

चौदाव्या शतकातला किल्ला खरा, पण आज दिसतो त्याचा मोठा भाग नवीन आहे. खासगी मालकांनी पडक्या अवशेषांवर पुन्हा बांधकाम केलं आणि 2011 मध्ये तो लोकांना खुला झाला. यावरून पोलंडमध्ये बराच वाद झाला: वरच्या मजल्यांचे पुरावे अपुरे असताना बांधणं म्हणजे संवर्धन की कल्पना? आमचं मत असं की मूळ अवशेषाची जागा अंदाजाने भरू नये, कारण एकदा भरली की पुढच्या संशोधकाला मागे जाता येत नाही. तरीही बोबोलित्से जरूर बघा, आणि तो मिरूफनंतर बघा. मिरूफच्या नुसत्या भिंती डोळ्यांत असताना बोबोलित्सेत जोडणी कुठे सुरू होते ते लगेच ओळखू येतं. दगडाचा रंग, सांध्यांची रुंदी आणि कडांची धार तिन्ही बदलतात. मिरूफच्या भिंतींची डागडुजी दीर्घकाळ चालू आहे. आत जाता येईल असं धरून चालू नका, बाहेरून फेरी मारायलाही तो पुरेसा देखणा आहे.

16. सगळे किल्ले चुनखडीवरच आहेत ना?

एक ठळक अपवाद: रुद्नो गावचा तेंचिन. तो थिजलेल्या लाव्ह्याच्या टेकडीवर आहे, म्हणजे पायाखालचा खडक चुनखडीपेक्षा दख्खनच्या खडकाला जवळचा. रंग काळपट-तांबूस, आणि पावसातही पाय बरा टिकतो. हा किल्ला स्वीडिश स्वारीनंतरही काही काळ वापरात होता. 1768 मध्ये वीज पडून लागलेल्या आगीने तो संपला.

17. जिथे तिकीट नाही, राखणदार नाही, तिथे आत शिरलं तर चालतं का?

वाट आणि फलक बघून ठरवा. कुंपण किंवा लाल-पांढरी पट्टी असेल तर नाही, मग ती कितीही फाटलेली असो. कुंपण नसेल तर पायवाटेवरून फिरा, भिंतीच्या माथ्यावर जाऊ नका (कारण प्रश्न 14 मध्ये), आणि झाकण नसलेल्या खड्ड्यांपासून लांब राहा. जंगलातल्या अवशेषांत पानांखाली तळघरं आणि जुन्या विहिरींची तोंडं असू शकतात. सुळक्यांवर बोल्ट ठोकलेले प्रस्तरारोहणाचे मार्ग भरपूर आहेत, विशेषतः पोदलेसित्सेच्या आसपास, पण ते ठरवून दिलेल्या कड्यांवर. किल्ल्याच्या भिंतीवर आणि राखीव क्षेत्रातल्या बंद कड्यांवर चढाई मना आहे.

18. गुहा बघता येतात का?

ठरावीक गुहा, वाटाड्यासोबत. ओयत्सूफमधली वोक्येतेकची गुहा सुमारे 320 मीटर लांब आहे. पुढे राजा झालेला व्वादिस्वाव वोक्येतेक शत्रूपासून तिथे लपला होता अशी आख्यायिका आहे. आत बारा महिने 7 ते 8 अंश तापमान असतं, तेव्हा जुलैतही जाकीट हवं. हिवाळ्यात गुहा बंद असतात, कारण वटवाघळं शीतनिद्रेत असतात. उघड्या दिसणाऱ्या इतर गुहांतही तेव्हा शिरू नका. जाग आलेलं वटवाघूळ साठवलेली चरबी खर्चून बसतं आणि वसंतापर्यंत तगत नाही.

19. गोचिडींबद्दल फार ऐकलं. खरंच एवढं आहे?

हो, ही बाब हलक्यात घेऊ नका. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत गवत आणि झुडपांत गोचिडी असतात. त्यांच्यामुळे लाइम रोग आणि एक प्रकारचा मेंदूज्वर होऊ शकतो. मेंदूज्वरावर लस आहे, लाइमवर रूढ लस नाही. लांब पँट मोज्यांत खोचा, आणि संध्याकाळी काखा, जांघा, गुडघ्यामागे, केसांच्या कडेला नीट बघा.

चिकटलेली सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ वर ओढा. तेल, तूप, नेलपॉलिश काही लावू नका. गुदमरलेली गोचीड आतलं द्रव तुमच्या अंगात ओकते. जागा धुऊन तारीख लिहून ठेवा आणि महिनाभर लक्ष द्या. लाल वर्तुळ पसरत गेलं किंवा ताप आला तर डॉक्टरांना गोचिडीचा उल्लेख करून सांगा. भारतात परतल्यावर हे विशेष महत्त्वाचं, कारण तिथे डॉक्टरांच्या मनात हा रोग चटकन येत नाही.

उन्हात तापलेल्या दगडांवर नागमोडी पट्ट्याचा विषारी साप कधीतरी दिसतो. तो सहसा स्वतःच निघून जातो. बघितल्याशिवाय फटीत हात घालू नका.

20. अपघात झाला तर कोणाला फोन करायचा?

सर्वसाधारण आणीबाणीला 112. खडकाळ भागात डोंगर-बचाव पथकाचा क्रमांक 985 किंवा 601 100 300. या पठारासाठी पथकाची स्वतंत्र तुकडी आहे. ‘रातुनेक’ नावाचं मोफत अ‍ॅप कॉल करताना तुमची जागा कळवतं, ते आधीच घेऊन ठेवा. पोलंडमध्ये डोंगरातल्या बचावाचे पैसे घेत नाहीत, पण पुढचा इस्पितळाचा खर्च तुमचा. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा विमा लागतोच, त्यात साहसी खेळ वगळले आहेत का ते वाचा. गडगडाट सुरू झाला तर बुरुजावरून, उघड्या माथ्यावरून आणि लोखंडी जिन्यांवरून लगेच खाली या.

21. तंबू ठोकता येईल का?

किल्ल्यात आणि राष्ट्रीय उद्यानात नाही. सरकारी जंगलांत 2021 पासून ठरवून दिलेल्या पट्ट्यांत नऊ जणांपर्यंत, सलग दोन रात्रींपर्यंत विनापरवानगी राहता येतं. नकाशावर तो पट्टा आहे का ते आधी बघा. जंगलात आणि त्याच्या कडेपासून 100 मीटरच्या आत उघडी आग लावायला कायद्याने बंदी आहे, नेमून दिलेल्या जागा सोडून. गावोगावी शेतघरांत खोल्या मिळतात, त्या जास्त सोयीच्या.

22. शाकाहारी माणूस काय खाईल?

बटाटा आणि पनीरसारख्या दह्याच्या चक्क्याचे ‘प्येरोगी रुस्क्ये’, बटाट्याचे ‘प्लात्स्की’, गोड ‘नालेश्निकी’. प्येरोगी मागवताना ‘बेझ स्क्वारेक’ असं सांगायलाच हवं, नाहीतर वरून तळलेल्या डुकराच्या चरबीचे तुकडे घालून येतात. पावासोबत वाटीत येणारा पांढरा मऊ पदार्थ लोणी नाही, तीही चरबीच. ‘झुरेक’ सूपमध्ये सॉसेज असतं. झाव्येर्चे भागातला बिडाच्या भांड्यातला भाजलेला बटाटा, ‘प्राझोन्की’, दिसायला आपला वाटतो, पण त्यातही मांस असतं. मासे चालत असतील तर झ्वोती पोतोकचा ट्राउट खा. तिथलं मत्स्यपालन एकोणिसाव्या शतकापासूनचं आहे.

23. ड्रोन उडवू का? आणि धातुशोधक यंत्र?

ओयत्सूफच्या राष्ट्रीय उद्यानात ड्रोनला बंदी. इतरत्र युरोपीय नियम: कॅमेरा असलेल्या ड्रोनच्या चालकाची नोंदणी हवी, ड्रोन 250 ग्रॅमपेक्षा हलका असला तरी. तिकीट असलेल्या किल्ल्यावर व्यवस्थापनाला वेगळं विचारा. धातुशोधक परवान्याशिवाय वापरणं पोलंडमध्ये गुन्हा आहे, मग काही सापडो वा न सापडो. वाटेत पडलेला मडक्याचा तुकडाही जागेवर राहू द्या. कोणत्या थरात सापडला हे गेलं की पुरातत्त्वज्ञाच्या लेखी त्याची किंमत जाते.

24. वाटेवर लाल खूण दिसेनाशी झाली. आता?

पोलंडमधली खूण म्हणजे तीन आडव्या पट्ट्या: वर-खाली पांढरी, मध्ये वाटेचा रंग. रंगावरून वाटेची अवघडता ठरत नाही, तो फक्त ओळखीसाठी असतो. वळणाआधी पट्टी मोडलेली किंवा बाणाच्या आकाराची असते, वाट सुरू होते किंवा संपते तिथे पांढऱ्या वर्तुळात रंगीत ठिपका असतो. खुणा झाडांवर, खांबांवर, खडकांवर रंगवतात, त्यामुळे झाड तोडलं गेलं की खूणही गेली. जंगलतोड झालेल्या पट्ट्यांत लोक याच कारणाने भरकटतात. दहा मिनिटं खूण दिसली नाही तर पुढे जाऊ नका, शेवटच्या खुणेपर्यंत मागे या आणि तिथून वळण चुकलं का ते बघा. नकाशा फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा, कारण ओयत्सूफच्या दरीत आणि स्मोलेन्यच्या जंगलात नेटवर्क मधूनमधून जातं.